मॅक व विंडोज संगणकांमधील शालेय दप्तराची देवघेव

आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक शाळांच्या दप्तराचा पुष्कळसा भाग आता संगणकावर लिहिला जातो. विद्यार्थ्यांच्या याद्या, मासिक गोषवारे, शालेय पोषण आहाराचे हिशेब, वार्षिक तपासणीची टिपणे असे कितीतरी कागद शाळेतून केंद्रावर आणि केंद्रातून तालुक्यास याच मार्गाने जातात. मूळ जनरल रजिस्टर मात्र अद्याप शाईनेच लिहिले जाते. ते तसेच राहावे असे माझे मत आहे, व त्याचे कारण पुढे येईलच.

कार्यालयांतील व शाळांतील बहुतेक संगणक विंडोज पद्धतीचे आहेत. तथापि पुण्यामुंबईस नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्याने गावच्या शाळेस दिलेला, किंवा शिक्षकाच्या मुलाने नवा घेतल्यावर घरी ठेवलेला मॅक संगणकही अलीकडे अधूनमधून दृष्टीस पडतो. यंत्र उत्तम असते, पण त्यावर तयार केलेला कागद कार्यालयात उघडत नाही, उघडला तर वाचता येत नाही, वाचता आला तर त्यातील मजकूर निराळाच निघतो, अशा तक्रारी माझ्याकडे येतात. या तीन तक्रारींपैकी पहिल्या दोन त्रासाच्या आहेत. तिसरी धोक्याची आहे, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

सन २०२४ च्या दिवाळीपूर्वी दिंद्रुड परिसरातील एका शाळेकडून हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी आली. दिवाळीच्या सुमारास आपल्याकडील ऊसतोड कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातात, आणि मागे आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलांच्या जेवणाची व अभ्यासाची सोय या वसतिगृहाने होते, हे आपणास सांगावयास नको. या यादीत कोणाचे नाव आहे आणि कोणाचे नाही, यावर एखादे मूल हिवाळाभर शाळेत बसेल की उसाच्या फडात, हे ठरते. त्या यादीत पहिलीच्या वर्गातील अकरा मुले होती आणि त्यांपैकी प्रत्येकाचे वय दहा वर्षांच्या पुढे दिसत होते. यादी एकत्र करणाऱ्या लिपिकाने साहजिकच शंका घेतली व ती अकरा नावे बाजूस ठेवली. मुख्याध्यापकांस विचारणा होताच ते जनरल रजिस्टर काखेत मारून स्वतः आले. रजिस्टरात पहिल्या मुलाची जन्मतारीख १२ जून २०१८ अशी होती. कार्यालयातील यादीत तीच ११ जून २०१४ झाली होती. दुसऱ्या मुलाची तपासली, तिसऱ्याची तपासली. प्रत्येक मूल चार वर्षे आणि एक दिवस एवढे मोठे झालेले होते.

नजरचुकीने एखादी तारीख चुकते. अकराच्या अकरा तारखा एकाच मापाने चुकत नाहीत. तेव्हा चूक माणसाची नसून मोजणीच्या पद्धतीची असली पाहिजे, हे तेथेच स्पष्ट झाले.

एक्सेलमध्ये आपण तारीख लिहितो तेव्हा संगणक ती तारीख म्हणून साठवीत नाही. एका ठरीव दिवसापासून किती दिवस लोटले, तो आकडा तो साठवितो व आपल्याला दाखविताना त्या आकड्याची तारीख करून दाखवितो. विंडोजवरील एक्सेलमध्ये ही मोजणी १ जानेवारी १९०० या दिवसास १ धरून होते. मॅकवरील जुन्या एक्सेलमध्ये ती १ जानेवारी १९०४ या दिवसास ० धरून होत असे. दोहोंमधील अंतर १,४६२ दिवसांचे, म्हणजे चार वर्षे आणि एक दिवस. मॅकवर तोच आकडा एका आरंभापासून मोजलेला असतो. तो उचलून विंडोजच्या तक्त्यात चिकटविला की दुसऱ्या आरंभापासून वाचला जातो, आणि मूल चार वर्षे एक दिवसाने मोठे होते. उलट दिशेने नेल्यास ते तितकेच लहान होईल. वरील मुलगा १३ जून २०२२ रोजी जन्मलेला ठरेल.

मॅककरिता १९०४ हेच साल का निवडले गेले, हे गणित शिकविणाऱ्यास मनोरंजक वाटेल. शतकपूर्तीचे वर्ष ४०० ने भागले जात असेल तरच ते लीप वर्ष, हा नियम आपण चौथी-पाचवीत शिकवितो. त्यानुसार १९०० हे लीप वर्ष नाही. मात्र संगणकावरील हिशेबाच्या एका जुन्या लोकप्रिय साधनात, लोटस १-२-३ मध्ये, १९०० हे लीप वर्ष धरले गेले होते. त्याच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलने जाणूनबुजून तीच चूक पुढे चालविली. आजही विंडोजच्या एक्सेलला २९ फेब्रुवारी १९०० हा कधीही न उगवलेला दिवस ठाऊक आहे. १९०४ पासून मोजणी सुरू केली की हा घोटाळाच उद्भवत नाही, कारण १९०४ हे खरोखरीचे लीप वर्ष आहे. म्हणजे या प्रकरणात शहाणपणा मॅकच्या बाजूने होता. पण जगातील बहुसंख्य तक्ते दुसऱ्या पद्धतीचे झाल्यामुळे २०११ च्या आवृत्तीपासून मॅकवरील एक्सेलही नव्या तक्त्यांसाठी १९०० चीच मोजणी धरू लागले.

मग आपल्या शाळेत ही अडचण २०२४ साली कशी आली? शाळेने वापरलेला कोरा नमुना तक्ता कोणाच्या तरी फार जुन्या मॅकवर तयार झालेला होता. मोजणीची खूण ही तक्त्याच्या फाईलमध्येच असते आणि फाईलची कितीही नक्कल केली तरी ती सोबत जाते. नव्या मॅकवर उघडा, विंडोजवर उघडा, फाईल जोवर स्वतंत्र उघडली जाते तोवर तारखा बरोबरच दिसतात. शाळेत त्या बरोबरच दिसत होत्या. कार्यालयात त्या उचलून मोठ्या यादीत चिकटविल्या, तेथे बिघडल्या. शाळाही खोटी नव्हती आणि लिपिकही खोटा नव्हता.

मराठवाड्यातील जुन्या शिक्षकांस यात नवल वाटणार नाही. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या काळच्या शाळांच्या रजिस्टरांत फसली सन व आजूर, दय, बहमन असे महिने आढळतात. त्या सनात महिन्याप्रमाणे ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. १३५८ हा आकडा इसवी सन समजून कोणी वाचला तर तो मनुष्य सहाशे वर्षांपूर्वीचा ठरेल. २०२३ साली मराठवाड्यातील निजामकालीन नोंदींचा शोध शासनाने हाती घेतला, त्या वेळी अशी रजिस्टरे पुष्कळांनी पहिल्यांदाच उघडून पाहिली. फसली सन निदान आकड्यावरून ओळखू येतो. एक्सेलमधील फरक चार वर्षांचाच असल्याने तो तारखेच्या तोंडावर दिसत नाही, हाच त्यातील खरा धोका आहे.

तक्ता कोणत्या मोजणीचा आहे, हे ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. कोणत्याही रिकाम्या चौकटीत १ हा आकडा लिहावा व त्या चौकटीस तारखेचे स्वरूप द्यावे. १९०० साल दिसले तर नेहमीची मोजणी. १९०४ दिसले तर मॅकची जुनी. दुरुस्तीही अवघड नाही. विंडोजच्या यादीत आलेल्या चुकीच्या तारखांसाठी एका रिकाम्या चौकटीत १४६२ लिहून ती चौकट कॉपी करावी, चुकीच्या तारखा निवडाव्यात आणि पेस्ट स्पेशल मधील ‘ॲड’ हा पर्याय द्यावा. आकडे दिसू लागल्यास तारखेचे स्वरूप पुन्हा द्यावे. त्या अकरा मुलांच्या तारखा अशाच दोन मिनिटांत जागेवर आल्या, व त्यानंतर त्या रजिस्टराशी एकेक करून ताडून पाहिल्या. एक्सेलच्या मांडणीत ‘यूज १९०४ डेट सिस्टीम’ अशी एक खूण करण्याची चौकट आहे, तिला मात्र तारखा भरून झाल्यावर हात लावू नये. ती खूण काढताच त्या तक्त्यातील सर्व तारखा एकदम सरकतात आणि मग कोणती तारीख खरी याचा निवाडा रजिस्टराशिवाय होत नाही. रजिस्टर शाईचे असावे असे मी वर म्हटले ते यासाठी. शाळा सोडल्याचा दाखला लिहिताना जन्मतारीख नेहमी रजिस्टरावरून अंकांत व अक्षरांत उतरावी, संगणकातील यादीवरून कदापि नव्हे.

आता अक्षरांकडे वळू. संगणकाला अक्षरेही ठाऊक नसतात; तो तेथेही आकडेच साठवितो. फरक एवढाच, की कोणत्या आकड्यास कोणते अक्षर म्हणावे याबद्दल पूर्वी एकवाक्यता नव्हती. कृतिदेव, शिवाजी, श्री-लिपी, डीव्ही-टीटी योगेश असे फॉन्ट आपल्या कार्यालयांनी वर्षानुवर्षे वापरले. या जुन्या फॉन्टांत संगणक इंग्रजी अक्षराचाच आकडा साठवितो, आणि फॉन्ट त्या जागी मराठी अक्षराचे चित्र काढतो. कृतिदेव ०१० मध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला तर संगणकाच्या पोटात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. तो फॉन्ट ज्या संगणकात नाही, तेथे चित्र काढणारा कोणी नसल्यामुळे ती इंग्रजी अक्षरेच उघडी पडतात. विंडोजवर टंकलेले पत्र मॅकवर निरर्थक इंग्रजी दिसते ते याचमुळे. यात मॅकचा दोष नाही. तो फॉन्ट नसलेल्या शेजारच्या शाळेतील विंडोजवरही असेच घडेल.

युनिकोड ही पद्धत १९९१ पासून आली, आणि तीत जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षरास स्वतःचा आकडा मिळाला. देवनागरीस १२८ जागांचा एक गट दिला आहे. ‘मराठी’ हा शब्द त्यात २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ असा लिहिला जातो, व तो बीडमध्ये, बोस्टनमध्ये, मॅकवर, विंडोजवर सर्वत्र ‘मराठी’च राहतो. युनिकोडचा एक विशेष शिक्षकांस आवडेल. जुन्या फॉन्टांत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी व क नंतर टंकावा लागे, कारण चित्र तसे दिसते. युनिकोडमध्ये क आधी व वेलांटी नंतर येते, कारण उच्चार तसा होतो. आपण मुलांस बाराखडी शिकवितो तोच हा क्रम आहे.

विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली, आणि तिच्यासोबत आलेल्या ‘मंगल’ या फॉन्टची रचना र. कृ. जोशी या मराठी कवीने व सुलेखनकाराने केली. ते २००८ साली निवर्तले. आपण रोज ज्या अक्षरांत परिपत्रके वाचतो, ती वळणे त्यांच्या हातची आहेत, हे किती जणांस ठाऊक असेल?

तेव्हा जुन्या फॉन्टात नवे काहीही लिहू नये. जुने कागद युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, परंतु बदललेला कागद जोडाक्षरे व वेलांट्या यांकडे लक्ष देऊन एकदा वाचलाच पाहिजे. टंकण्यासाठी इन्स्क्रिप्ट हा भारतीय मानक कळफलक मॅक व विंडोज दोहोंवर आहे. एकदा शिकला की यंत्र बदलले तरी बोटे तीच राहतात. मॅकवरील ऑफिसच्या २०११ पर्यंतच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळत नसत, ही जुनी तक्रार खरी होती. २०१६ च्या आवृत्तीपासून ती उरलेली नाही. एखाद्या मॅकवर अक्षरे तुटक दिसत असतील तर आधी आवृत्ती पाहावी.

युनिकोड वापरूनही मराठीपुरत्या दोन खोडी शिल्लक राहतात. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ऱ्ह दोन तऱ्हांनी साठविला जाऊ शकतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर (आकडा २३५३) असते. दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण व एक अदृश्य जोडचिन्ह असते. डोळ्यांस दोन्ही सारखीच दिसतात, पण यादीत नाव शोधताना एक सापडते व दुसरे सापडत नाही, आणि मुलाचे नाव दोनदा नोंदविले जाते. ‘ॲ’चेही तसेच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी अ वर अर्धचंद्र देऊन ते साधले जाई, आणि फार जुन्या विंडोजवर नवे ॲ रिकाम्या चौकोनासारखे दिसते. शोधताना नाव सापडले नाही तर लगेच नवे नाव न नोंदविता आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून यादी डोळ्यांखालून घालावी.

अक्षर तेच राहिले तरी त्याचे वळण फॉन्टप्रमाणे बदलते. मॅकमध्ये मंगल सहसा नसतो, विंडोजमध्ये मॅकचा कोहिनूर देवनागरी नसतो. एकाच्या जागी दुसरा आला की ओळी लांबतात, एका पानाचा दाखला दोन पानांवर जातो व सहीची जागा एकटीच खाली पडते. शिवाय ल व श यांची मराठी वळणे काही फॉन्टांत मिळत नाहीत. देवनागरी लिपी व वर्णमाला यांचे प्रमाणीकरण शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने केले व १० नोव्हेंबर २०२२ रोजी सुधारित निर्णय काढला. त्यात पाकळीचा ल व देठाचा श हीच वळणे मराठीसाठी सांगितली आहेत. पहिलीच्या मुलांपुढे ठेवावयाच्या वाचनपाठांत तरी हे पथ्य पाळावे. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा व यशोवेणु हे फॉन्ट विनामूल्य आहेत. शाळेच्या व केंद्राच्या संगणकांवर असा एकच फॉन्ट बसविला तर निम्मे प्रश्न मिटतात. जो कागद केवळ वाचावयाचा किंवा छापावयाचा आहे, तो पीडीएफ करून पाठवावा, म्हणजे फॉन्ट त्याच्या पोटातच जातो आणि पान हलत नाही.

फाईल मुळीच उघडत नाही, ही तक्रार सर्वांत सोपी आहे. मॅकवरील पेजेस व नंबर्स या साधनांनी तयार केलेली फाईल विंडोजवरील वर्ड-एक्सेलला उघडता येत नाही. मॅकवर फाईल या यादीतील ‘एक्स्पोर्ट टू’ वापरून तिची वर्ड किंवा एक्सेल प्रत करावी व ती पाठवावी. दोन्ही यंत्रांवर एकच साधन हवे असेल तर लिबर ऑफिस विनामूल्य मिळते. सीएसव्ही प्रकारची फाईल मागितली असेल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडावा, अन्यथा विंडोजवर मराठी नावांच्या जागी चिन्हांचा खच दिसतो. आणि पंधरा अंकांहून लांब ओळखक्रमांक एक्सेलमध्ये आकडा म्हणून लिहू नयेत. पंधराव्या अंकापुढील सर्व अंकांची शून्ये होतात व वर्गातील सारी मुले एकाच क्रमांकाची होऊ शकतात. ती चौकट आधी ‘टेक्स्ट’ करावी. हा दोष मॅकचाही नाही आणि विंडोजचाही नाही, तो दोहोंकडे सारखाच आहे.

फाईलला नाव देताना ‘यादी २०२४/२५’ असे तिरकी रेघ घालून लिहिण्याची आपली सवय आहे. मॅक ते चालवून घेतो. विंडोज तिरकी रेघ, अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारका ही चिन्हे नावात स्वीकारीत नाही. आडवी रेघ घालावी.

राहता राहिला पेनड्राइव्ह. एनटीएफएस पद्धतीने बांधलेला पेनड्राइव्ह मॅक वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. निव्वळ मॅकच्या पद्धतीने बांधलेला पेनड्राइव्ह विंडोजला लावला तर ‘हा फॉरमॅट करावयाचा का’ असा प्रश्न पडद्यावर येतो. त्या वेळी ‘होय’ म्हणणे म्हणजे आतील सर्व कागद पुसणे होय. तेथे हात आवरावा व पेनड्राइव्ह काढून घ्यावा. एक्सफॅट पद्धतीने बांधलेला पेनड्राइव्ह दोन्हीकडे वाचता व लिहिता येतो. केंद्रावर एक असा पेनड्राइव्ह या देवघेवीसाठी वेगळा ठेवावा, व तो तसा बांधण्यापूर्वी त्यातील मजकूर दुसरीकडे उतरवून घ्यावा.

मॅकवरून आलेल्या पेनड्राइव्हवर प्रत्येक फाईलच्या जोडीला टिंब व अधोरेषा यांनी सुरू होणारी त्याच नावाची एक चिमुकली फाईल विंडोजवर दिसते. पुष्कळ जण तीच उघडू पाहतात, ती उघडत नाही, आणि यादी खराब आली असा निरोप शाळेस जातो. तो कागद नव्हे. मॅकने स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली ती नोंद आहे. ती पुसली तरी मूळ यादीस काही होत नाही. यादी तिच्या शेजारीच, टिंब नसलेल्या नावाने असते.